पोट आधी पाहावे, मग ऐकावे, मग ठोकावे आणि हात शेवटी लावावा

वॉर्डात नव्याने रुजू झालेली सिस्टर पोटाची तपासणी करताना बहुधा एकच चूक करते. पेशंट “इथं दुखायलंय वो सिस्टर” असे म्हणाला की तिचा हात लगेच त्या जागेवर जातो. पेशंट कळवळतो, पोट आखडून घेतो आणि पुढची दहा मिनिटे त्या पोटाकडून काहीही कळत नाही. छाती तपासताना पाहणे, हात लावणे, ठोकणे आणि ऐकणे असा क्रम असतो. पोटाच्या बाबतीत तो बदलून पाहणे, ऐकणे, ठोकणे आणि शेवटी हात लावणे असा केला जातो, कारण दाबल्याने किंवा ठोकल्याने आतड्यांची हालचाल चाळवते आणि त्यानंतर ऐकू येणारे आवाज मूळचे राहत नाहीत. दुखरी जागा तर अगदी शेवटी तपासायची असते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील तालुका रुग्णालयांत, छोट्या खासगी दवाखान्यांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या भगिनींना आणि बंधूंना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. रोगाचे निदान करणे हे आपले काम नाही, ते डॉक्टरांचे आहे. मात्र डॉक्टर राउंडला दिवसातून एकदा किंवा दोनदा येतात आणि आपण त्याच पोटाशी दर दोन तासांनी उभ्या असतो. चार वाजता मऊ असलेले पोट सहा वाजता कडक झाले, हे आपल्याखेरीज कोणालाच कळू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, त्याच जागी, त्याच पद्धतीने तपासण्याला आपल्या कामात फार मोल आहे.

तयारी

पेशंटला आधी लघवी करून यायला सांगावे. भरलेले मूत्राशय ओटीपोटात गाठीसारखे लागते आणि दाबल्यावर दुखते, त्यामुळे तपासणीची दिशाच चुकते. पेशंटला उताणे झोपवून डोक्याखाली एक उशी द्यावी, दोन्ही हात अंगालगत ठेवायला सांगावेत आणि गुडघे थोडे दुमडून त्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर ठेवावी. हात डोक्याखाली घेतले किंवा पाय ताठ ठेवले की पोटाचे स्नायू ताणले जातात. आपली नखे कापलेली असावीत आणि हात कोमट असावेत. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या ड्युटीला हात बर्फासारखे असतात, तेव्हा ते चोळून घ्यावेत आणि स्टेथोस्कोपची चकतीही तळहातावर धरून गरम करावी.

पडदा ओढावा आणि पोट बरगड्यांपासून जांघेपर्यंत उघडे करावे. आपल्याकडे हे लाजेपोटी अर्धवट राहते. आजींच्या नऊवारीचा कासोटा, बाईंच्या परकराची नाडी, मामांच्या धोतराची गाठ किंवा कमरेचा करदोडा यांपैकी जे काही असेल ते सैल केल्याखेरीज जांघेतला हर्निया दिसत नाही, आणि उलट्या होणाऱ्या पेशंटमध्ये अडकलेला हर्निया केवळ कपड्याआड राहिल्यामुळे तासन्‌तास हुकू शकतो. छातीवर एक चादर आणि मांड्यांवर दुसरी चादर घातली की पेशंटचा संकोच पुष्कळ कमी होतो. पेशंट स्त्री असेल आणि तपासणारा ब्रदर असेल, तर सोबत एखादी सिस्टर किंवा मावशी असलीच पाहिजे.

विचारपूस

माझ्या मते निम्मी तपासणी येथेच होते. “पोट दुखते का” एवढे विचारून भागत नाही, कारण आपल्या माणसांकडे पोटाच्या दुखण्यासाठी निरनिराळे शब्द आहेत आणि ते शब्द अर्थपूर्ण असतात. कळ येऊन जाते म्हणजे दुखणे लाटेसारखे येते व ओसरते, आणि हे आतडे, मूत्रनलिका किंवा गर्भाशय यांसारख्या पोकळ अवयवाच्या आकुंचनाने होते. मुरडा म्हणजे कळेबरोबर शौचाला जावेसे वाटणे. जळजळ, आंबट पाणी आणि करपट ढेकर यांचा संबंध जठराकडे जातो. पोट गच्च झाले, डब्ब झाले, म्हणजे वारा सरत नाही. पेशंटने वापरलेला शब्द मनातल्या मनात लगेच इंग्रजीत फिरवू नये. आधी तो शब्द नीट ऐकावा, त्याचा अर्थ विचारून घ्यावा आणि मग केसपेपरवर उतरवावा.

या भागात अर्धे पेशंट कन्नड बोलणारे असतात आणि सोबतचा नातेवाईक दुभाषी होतो. तो पुष्कळदा पेशंटचे चार वाक्यांचे उत्तर “दुखतंय म्हणतोय” एवढ्यावर आणून ठेवतो. त्यामुळे चार-पाच कन्नड वाक्ये स्वतःला आलीच पाहिजेत. कुठे दुखते हे विचारण्यासाठी “यल्लि नोव ऐत्री?”, श्वास घ्या म्हणण्यासाठी “उसिर तगोरी”, पाय दुमडा म्हणण्यासाठी “काल मडच्री” आणि खोका म्हणण्यासाठी “केम्मरी” एवढे आले तरी हात लावताना पेशंट आपल्याबरोबर राहतो. जागा विचारताना बोलण्यापेक्षा “एका बोटाने दाखवा” असे सांगावे. एका बोटाने नेमकी जागा दाखवणारा पेशंट आणि सगळ्या पोटावरून तळहात फिरवणारा पेशंट यांची दुखणी बहुधा वेगवेगळी असतात.

दुखणे केव्हा सुरू झाले, एकदम की हळूहळू, आधी कुठे होते आणि आता कुठे आहे, हे विचारावे. अपेंडिक्सचे दुखणे पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजव्या बाजूला खाली उतरते. पित्ताशयाचे दुखणे तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते. स्वादुपिंडाचे दुखणे पाठीत आरपार गेल्यासारखे वाटते आणि पुढे वाकून बसल्यावर थोडे हलके होते. मुतखड्याची कळ कुशीतून जांघेकडे उतरते. उलटी झाली असल्यास तिचा रंग, रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ, शौच केव्हा झाले, ते डांबरासारखे काळे होते का, आणि वारा केव्हा सरला, हे प्रत्येकाला विचारावे. वारा सरला का हे विचारताना नव्या मुली लाजतात. ऑपरेशननंतरच्या वॉर्डात मात्र या प्रश्नाइतका कामाचा प्रश्न क्वचितच सापडेल.

मूल होण्याच्या वयाच्या प्रत्येक स्त्रीला शेवटच्या पाळीची तारीख विचारावी आणि ती सासूबाईंना बाहेर पाठवून विचारावी. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला दुखणारी, चक्कर येणारी बाई ही वेगळे सिद्ध होईपर्यंत गर्भनलिकेतल्या गर्भाची पेशंट समजावी. लग्न झालेले नाही किंवा कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आहे, म्हणून हा प्रश्न गाळू नये.

आणखी काही गोष्टी आपल्या मुलुखात मुद्दाम विचाराव्या लागतात. घरी एरंडेल किंवा जुलाबाचे काही दिले का? बेंबी सरकली म्हणून कोणाकडून पोट चोळून घेतले का? काविळीसाठी किंवा पोटफुगीसाठी डाग दिला का? हे विचारताना नाक मुरडले तर पुढचे उत्तर कधीच खरे मिळत नाही. निपाणीकडच्या शेतांतून आलेल्या बाईला किंवा पोराला मळमळ, उलटी, चक्कर आणि पोटात पेटके असतील, तर दव पडलेली किंवा ओली तंबाखूची पाने हाताळली होती का ते विचारावे, कारण ओल्या पानांतले निकोटिन कातडीतून अंगात जाते. औषध फवारणी करून आलेल्या माणसाच्या पोटात मुरडा, तोंडाला लाळ आणि घाम असेल, तर बॅटरीने बाहुल्या पाहाव्यात. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतील, तर हे विषबाधेचे पोट आहे असे धरून डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

यांहून फसवे दुखणे मण्यारीच्या दंशाचे आहे. मळ्यातल्या वस्तीवर किंवा उसाच्या फडाशेजारच्या कोपीत जमिनीवर झोपलेले माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठते. एखादी उलटी होते, अंगावर दंशाची खूण बहुतेक वेळा सापडत नाही, दंश जाणवलेलाही नसतो आणि पोट दाबून पाहिले तर मऊ असते. अशा पेशंटला गॅसची गोळी देऊन झोपवू नये. त्याला वर पाहायला सांगून पापण्या जड होऊन खाली येतात का, बोलणे बोबडे होते का, आवंढा गिळता येतो का, हे पाहावे आणि दर काही मिनिटांनी श्वासाकडे लक्ष ठेवावे. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी सर्पदंशावरचे इंजेक्शन आणि श्वासाला आधार मिळेल अशा ठिकाणी त्याला हलवण्याची तयारी त्याच क्षणी सुरू झाली पाहिजे.

पन्नाशीच्या पुढचा किंवा मधुमेही पेशंट छातीच्या खळगीखाली दुखते, घाम येतो असे म्हणत असेल, तर पोट तपासण्याआधी ईसीजी काढून घ्यावा. मधुमेह्याला उलट्या, पोटदुखी आणि धाप असेल, तर साखर आणि लघवीतील कीटोन तपासावेत.

पाहणे

नोंदीसाठी बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ कल्पून पोटाचे चार भाग करावेत. उजवा वरचा, उजवा खालचा, डावा वरचा आणि डावा खालचा, या चार नावांनी कोणतीही गोष्ट सांगता येते. उजवा-डावा नेहमी पेशंटचा असतो, आपला नव्हे.

पाहणे दारातूनच सुरू होते. कूस बदलणारा, उठबस करणारा, कशानेच चैन न पडणारा पेशंट बहुधा मुतखड्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कळेने तळमळत असतो. पोटाच्या आतल्या पडद्याला सूज आलेला पेशंट मात्र निपचित पडतो, गुडघे वर घेतो, वरवर श्वास घेतो आणि कॉटला कोणाचा धक्का लागला तरी चेहरा आक्रसतो. हा दुसरा पेशंट आरडाओरडा करत नाही, म्हणून त्याच्याकडे उशिरा लक्ष जाते, आणि खरे लक्ष त्याच्याकडेच लवकर जायला हवे.

त्यानंतर पेशंटच्या उजव्या बाजूला उभे राहून वरून, आणि खाली बसून पोटाच्या पातळीवरून तिरक्या उजेडात पाहावे. पोट सपाट आहे, खपाटीला गेले आहे की फुगले आहे, आणि फुगवटा सगळीकडे सारखा आहे की एकाच बाजूला आहे, हे ठरवावे. श्वासाबरोबर पोट हलते का ते पाहावे, कारण पडद्याला सूज असल्यास ते हलत नाही. जुन्या ऑपरेशनचे व्रण मोजावेत, कारण व्रण असलेल्या पोटात चिकटलेल्या आतड्यांमुळे अडथळा होण्याची शक्यता असते. बेंबीभोवती फुगलेल्या शिरा आणि कुशी भरलेल्या दिसल्या, तर यकृताच्या आजाराचा आणि पोटात पाणी झाल्याचा संशय येतो. बेंबीभोवती किंवा कुशीत निळसर काळे डाग आतल्या रक्तस्रावाचे असू शकतात. बारीक माणसाच्या पोटावर आतड्याची लाट सरकताना दिसणे हे अडथळ्याचे लक्षण असू शकते. शेवटी पेशंटला डोके उचलायला आणि खोकायला सांगून बेंबी, जुने व्रण आणि दोन्ही जांघा पाहाव्यात. खोकताना पोटात नेमके कुठे दुखले हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

पोट फुगलेले असेल तर घेर मोजावा. टेप बेंबीच्या पातळीवर पाठीखालून सरळ घ्यावा, पेशंटने श्वास सोडल्यावर आकडा वाचावा आणि टेपच्या वरच्या व खालच्या कडेला दोन्ही बाजूंनी पेनाने खूण करावी. खूण नसेल तर सकाळच्या आणि रात्रीच्या सिस्टरच्या आकड्यांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक केवळ टेपमुळे पडतो.

ऐकणे

रायल्स ट्यूबला (नाकातून जठरात घातलेल्या नळीला) सक्शन लावलेले असेल तर ते तेवढ्यापुरते बंद करावे, नाहीतर सक्शनचाच आवाज आतड्याचा समजला जातो. स्टेथोस्कोपची सपाट चकती हलकेच टेकवून उजव्या खालच्या भागापासून सुरुवात करावी, कारण लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या जागी आवाज सहसा लवकर सापडतो. निरोगी माणसात मिनिटाला साधारण 5 ते 30 गुडगुड आवाज येतात आणि ते अनियमित असतात. आवाज नाहीत असे लिहिण्यापूर्वी एकूण पाच मिनिटे ऐकले पाहिजे. हा नियम सगळे शिकतात, पण पाच मिनिटे घड्याळ लावून ऐकणारी सिस्टर क्वचितच आढळते. ऐकले नसेल तर “आवाज नाहीत” असे लिहू नये, “एक मिनिट ऐकले, आवाज आला नाही” असे लिहावे.

अडथळ्याच्या सुरुवातीला आवाज वाढतात आणि बारीक, धातूवर थेंब पडल्यासारखे येतात. पुढे आतडे थकले की तेही थांबतात. मात्र केवळ आवाजांवर विसंबून निष्कर्ष काढू नये. दोन जाणकार माणसांनी एकच पोट ऐकले तरी त्यांचे मत जुळतेच असे नाही, आणि ऑपरेशननंतर खाणे सुरू करताना आता अनेक सर्जन आवाजांची वाट पाहत बसत नाहीत. उलटी नाही, पोट फुगत नाही आणि वारा सरला, या गोष्टींना अधिक वजन असते. भेटायला आलेले पाहुणे बेळगावी कुंद्याचा डबा घेऊन येतात आणि “एक चमचा चालतोय की” म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी पेशंटला भरवतात. वॉर्डात कुंद्याचा वास आला की त्या कॉटवर आधी जावे आणि तोंडाने काय द्यायचे ते डॉक्टरांनी सांगितले आहे का, हे केसपेपरवर पाहावे.

चकतीच्या दुसऱ्या, घंटेच्या आकाराच्या बाजूने बेंबीच्या वर मधोमध आणि दोन्ही बाजूंना रक्तवाहिन्यांचा फुसफुस आवाज ऐकता येतो. वयस्क, रक्तदाबाच्या पेशंटमध्ये तो आला आणि मधोमध ठोके दिसत असतील, तर पुढे पोट खोल दाबू नये आणि डॉक्टरांना कळवावे.

ठोकणे

डाव्या हाताचे मधले बोट पोटावर सपाट टेकवून त्याच्या शेवटच्या सांध्याजवळ उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाने, मनगटातून, दोनदा ठोकावे. हवा असेल तेथे ढोलकीसारखा पोकळ आवाज येतो. पाणी, गाठ किंवा घट्ट अवयव असेल तेथे मांडीवर ठोकल्यासारखा ठस आवाज येतो. यकृताची उंची उजव्या बाजूला साधारण 6 ते 12 सेंटीमीटर भरते, पण ते मोजणे रोजच्या नर्सिंगमध्ये फारसे लागत नाही. पोटात पाणी आहे का हे पाहण्यासाठी बेंबीपासून कुशीकडे ठोकत जावे, आवाज ठस होतो तेथे बोट ठेवून पेशंटला विरुद्ध कुशीवर वळवावे आणि थोडे थांबून पुन्हा ठोकावे. ठस जागा पोकळ झाली तर पाणी सरकले. हे लक्षण उमटायला साधारण दीड लिटर पाणी साठावे लागते, म्हणून ते न मिळाल्याने पाणी नाही असे ठरत नाही.

ओटीपोट ठोकणे मात्र मी कधीही गाळत नाही, आणि त्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रुग्णालयात रात्रपाळीला माझ्याकडे कण्यात भूल देऊन हर्नियाचे ऑपरेशन झालेले एक वयस्क काका होते. लघवी होते का असे विचारल्यावर ते “होते की, थोडी थोडी” म्हणाले आणि मी “लघवी झाली” असे लिहून टाकले. रात्री दोननंतर ते अस्वस्थ झाले आणि पोट फुगल्याची तक्रार करू लागले. मी गॅस समजून त्यांना कुशीवर केले, कोमट पाणी द्यावे का असे डॉक्टरांना फोनवर विचारले आणि पोट फुगले आहे एवढेच सांगितले. सकाळी आलेल्या सिनिअर सिस्टरने बेंबीखाली दोन बोटांनी ठोकले, ठस आवाज ऐकला, माझ्याकडे न बघता कॅथेटर मागवला आणि पिशवीत 900 मिलिलिटर लघवी आली. थोडी थोडी होत होती ती भरून सांडणारी लघवी होती. तेव्हापासून ऑपरेशननंतर लघवी मापात घेतल्याशिवाय मी “झाली” असे लिहीत नाही, आणि सहा ते आठ तासांत ती झाली नसेल तर ओटीपोट ठोकून डॉक्टरांना कळवते.

हात लावणे

खुर्ची ओढून बसावे, म्हणजे कोपर आणि तळहात पोटाच्या पातळीत येतात आणि बोटांची टोके टोचत नाहीत. चार बोटे जोडून, हाताचा सपाट भाग वापरून, सुमारे एक सेंटीमीटर एवढेच दाबत हलके गोल फिरवावे. दुखऱ्या जागेपासून सर्वांत दूरच्या भागात सुरुवात करून शेवटी दुखऱ्या भागाकडे यावे. सगळा वेळ आपली नजर पेशंटच्या चेहऱ्यावर असावी, पोटावर नव्हे. “दुखत नाही” म्हणणाऱ्या आजींच्या भुवया आधी बोलतात.

आपल्याला ओळखायचा आहे तो कडकपणा दोन प्रकारचा असतो. गुदगुल्या, थंडी, भीती किंवा लाज यांमुळे आलेले आखडणे श्वास सोडताना, गप्पा मारताना सैल होते. गावाचे नाव, ऊस तुटला का, नातवंडे किती, असे विचारत हात ठेवावा. लहान मुलाचा किंवा फार गुदगुल्या होणाऱ्या पेशंटचा हात स्वतःच्या हाताखाली ठेवून त्याच्याच हाताने दाबावे. एवढे करूनही पोट श्वासागणिक सैल होत नसेल, फळीसारखे लागत असेल, तर ते पडद्याच्या सुजेचे समजावे आणि तेथेच थांबावे. पुन्हा पुन्हा दाबून खात्री करत बसू नये.

हलके तपासून पोट मऊ लागले तरच, आणि तुमच्या रुग्णालयात परिचारिकांनी ते करण्याची पद्धत असेल तरच, चार ते पाच सेंटीमीटर खोल दाबून गाठ, घट्ट विष्ठेचे गोळे किंवा वाढलेले अवयव पाहावेत. बेंबी आणि उजव्या कमरेच्या पुढच्या हाडाचे टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक तृतीयांश अंतरावर, अपेंडिक्सचे दुखरे ठिकाण असते. उजव्या बरगडीखाली बोटे ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितल्यावर पेशंटचा श्वास मध्येच अडला, तर पित्ताशयाकडे बोट जाते. दाबून एकदम हात सोडण्याची जुनी परीक्षा मी करत नाही. खोकल्याने आणि हलक्या ठोकण्याने तेवढेच कळते आणि पेशंटचा आपल्यावरचा विश्वास उडत नाही.

खोल दाबू नये अशी पोटे लक्षात ठेवावीत. मधोमध ठोके जाणवणारी गाठ, खूप वाढलेली प्लीहा, अपघातात मार लागलेले पोट, मूत्रपिंडाचे रोपण झालेला पेशंट आणि मूत्रपिंडाच्या गाठीचा संशय असलेले मूल, यांच्या कॉटवर “पोट दाबू नये” असा कागद लावावा. मुलाच्या त्या गाठीवर दाब पडून ती फुटली तर कर्करोग पसरू शकतो.

गरोदर, बाळंतीण, म्हातारे आणि लहान मूल

गर्भाशयाचा वरचा काठ 12 आठवड्यांना ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या किंचित वर, 24 आठवड्यांना बेंबीपाशी आणि 36 आठवड्यांना छातीच्या हाडाच्या टोकाशी लागतो, असे आपल्याकडे शिकवले जाते. दोन कळांच्या मध्ये सैल न होणारे, लाकडासारखे घट्ट आणि दुखरे गर्भाशय, सोबत रक्तस्राव असो वा नसो, वार सुटल्याची शंका आणते. बाळंतपणानंतर गर्भाशय घट्ट चेंडूसारखे बेंबीच्या आसपास लागले पाहिजे आणि पुढे रोज सुमारे एक बोट खाली उतरले पाहिजे. ते मऊ लागले तर चोळून घट्ट करावे, मदतीला हाक मारावी आणि पॅड पाहावेत. ते बेंबीच्या वर चढून उजवीकडे सरकलेले असेल तर मूत्राशय भरले आहे, आणि आधी लघवी करवून घ्यावी.

म्हाताऱ्या माणसाचे, स्टेरॉइड घेणाऱ्याचे आणि जुन्या मधुमेह्याचे पोट आतून फाटलेले असूनही मऊ लागू शकते. अशा वेळी वाढती नाडी, न जेवणे, गोंधळलेले बोलणे यांवर विश्वास ठेवावा. चालायला लागलेल्या मुलाचे पोट थोडे पुढे आलेले असणे स्वाभाविक आहे. मूल पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळत असेल, मध्ये मलूल पडत असेल आणि शौचात रक्तमिश्रित शेंब दिसत असेल, तर आतड्यात आतडे अडकल्याची शंका ठेवावी. मुलाला आईच्या मांडीवरच तपासावे.

केव्हा धावायचे

फळीसारखे पोट, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे शौच, उलटीबरोबर वारा व शौच दोन्ही बंद, अडकलेला आणि दुखरा हर्निया, पाळी चुकलेल्या बाईची चक्कर, वरचा रक्तदाब 90 च्या खाली, मोठ्या माणसात ताशी 30 मिलिलिटरपेक्षा कमी लघवी, यांपैकी एक जरी दिसले तरी तपासणी पूर्ण करण्याच्या नादी लागू नये. डॉक्टरांना बोलवावे, तोंडाने काही देऊ नये, शीर मिळवून ठेवावी आणि आदेश येईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी नाडी व रक्तदाब लिहावा. गरम पाण्याची पिशवी, जुलाब आणि एनिमा परस्पर देऊ नये. वेदनाशामक दिल्याने निदान लपते ही जुनी समजूत आता मागे पडली आहे, म्हणून दुखण्याचा अंक दहापैकी किती ते लिहून ठेवून डॉक्टरांकडे औषध मागण्यास संकोचू नये.

फोनवर “पेशंटचे पोट दुखते, सर” असे सांगितले तर पलीकडून “पेंटॉप (आम्लपित्ताचे औषध) द्या” एवढेच येते. त्याऐवजी असे सांगावे: “सर, कॉट सात, अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. चार वाजता पोट मऊ होते, आता सगळीकडे कडक आहे. नाडी 92 वरून 118 झाली, ताप 101, घेर चार सेंटीमीटरने वाढला, वारा सरलेला नाही. आपण येऊन पाहावे.”

नोंद

नोंद पाहिले, ऐकले, ठोकले, हात लावला याच क्रमाने आणि वेळ घालून करावी. “पोट नॉर्मल” हे दोन शब्द कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. “रात्री 10: पोट किंचित फुगलेले, घेर 88 सेंटीमीटर, आवाज चारही भागांत, ओटीपोट ठस नाही, हलक्या दाबाला मऊ, उजव्या खालच्या भागात दुखते, 10 पैकी 4, वारा 8 वाजता सरला, लघवी 350 मिलिलिटर” असे लिहिलेले असेल तर रात्री 12 वाजताची सिस्टर त्याच्याशी ताडून पाहू शकते. जे तपासले नाही ते लिहू नये, आणि आधीच्या पाळीची ओळ खाली उतरवू नये.

पेशंट 108 च्या गाडीने बेळगावला जातो, निपाणीकडचा कोल्हापूरला आणि अथणीकडचा मिरजेला नेला जातो. तेथे आपले बोलणे पोहोचत नाही, सोबत दिलेला कागद पोहोचतो. शेवटच्या तीन तपासण्या वेळेसह, दिलेली औषधे, शेवटचे खाणे-पिणे आणि लघवीचे माप त्यावर असावे. गाडीत चढवण्यापूर्वी अंग पुसले तरी पोटावरची टेपची पेनाची खूण पुसू देऊ नये आणि ती घेराची आहे हे कागदावर लिहावे, म्हणजे पलीकडची सिस्टर त्याच रेषेवर टेप लावते.